चिठ्ठीत वचन निघालं, पण जाणं झालं नाही: आता देवाकडून धीर मागायचा तो कसा?

प्रभूच्या नावात सलाम, ताई.

तुमचा प्रश्न इतर वाचणाऱ्यांसाठी आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही नर्स आहात, वय 34. जर्मनीला जायचं म्हणून ड्यूटी सांभाळून जर्मन शिकलात, बी-टू परीक्षा पास झालात, कागदपत्रंही जमवली. त्याआधीच्या 31 डिसेंबरला रात्रीच्या उपासनेत वचनाची चिठ्ठी काढली, तर पवित्र शास्त्रातलं यिर्मया 29:11 निघालं: देवाच्या मनात तुमच्याविषयी हिताचे संकल्प आहेत. ते तुम्ही देवाचं उत्तर मानलंत. मग वडिलांना पॅरालिसिसचा झटका आला. आई आधीच गेलेली, भाऊ परगावी. जर्मनी राहून गेली. लग्न ठरलं होतं त्या माणसाने "किती वाट बघायची" म्हणत माघार घेतली. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक "देवाची काहीतरी योजना असेल" म्हणतात तेव्हा तुम्हाला राग येतो, मग त्या रागाची लाज वाटते, आणि प्रार्थनेला बसलं की शब्द फुटत नाही. तुम्ही विचारता, देवाकडून उभारी मिळवायची तरी कशी?

मी निवृत्त पाळक आहे. आधी नगर जिल्ह्यातल्या खेड्यांमधल्या मंडळ्या सांभाळल्या, नंतरची बरीच वर्षं एका मिशन दवाखान्यात रुग्णांच्या आणि त्यांच्या घरच्यांच्या जवळ बसण्यात गेली. ठरवलेलं आयुष्य एका रात्रीत मोडलेली माणसं तिथे रोज भेटत. त्यांच्या सोबतीने जे शिकलो त्यातून उत्तर देतो.

तुम्ही उभारीबद्दल विचारलंय, पण त्या प्रश्नाच्या पोटात दुसरा प्रश्न आहे असं मला वाटतं. "देवाचं ऐकण्यात मी चुकले का? आणि चुकले नसेन, तर त्याने शब्द का पाळला नाही?" हा प्रश्न आत ठसठसत असेल तर कितीही गोड वचनं वाचली तरी ती आत उतरत नाहीत. वचन देणाऱ्यावरचाच भरवसा हललेला असतो. म्हणून आधी चिठ्ठीचं बघू, उभारीकडे मग येऊ.

पण त्याहीआधी एक गोष्ट विचारायची राहता कामा नये. तुम्हाला झोप लागते का? जेवण जातं का? "मी नसते तर बरं झालं असतं" असं मनात येतं का? यांतलं काही आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर आधी डॉक्टरला दाखवा. तुम्ही स्वतः नर्स आहात, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं, पण घरातला रुग्ण सांभाळणारी नर्स स्वतःची लक्षणं सर्वांत शेवटी मोजते. सरकारची टेलि-मानस ही हेल्पलाइन आहे, 14416, तिथे मराठीतूनही बोलता येतं. खिन्नतेचं औषध घेणं म्हणजे विश्वास कमी पडणं, असं कोणी म्हणालं तर त्याचं ऐकू नका. पुढचं सगळं मी हे गृहीत धरून लिहितोय की तुम्ही दमल्या आहात, दुखावल्या आहात, पण पायावर उभ्या आहात.

आता यिर्मया. 29 वा अध्याय हे मुळात एक पत्र आहे. इ.स.पू. 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेचा राजा, दरबारी, सुतार, लोहार अशी कामाची माणसं उचलून बाबेलला नेली. मागे राहिलेल्या यिर्मयाने त्या लोकांना हे पत्र धाडलं. त्यांचंही सगळं ठरलेलं मोडलं होतं. कोणाची शेती, कोणाचं घर, कोणाचं ठरलेलं लग्न. त्याआधीचा 28 वा अध्याय जरूर वाचा. तिथे हनन्या नावाचा संदेष्टा छातीठोकपणे सांगतो की दोन वर्षांत सगळे परत येतील, आणि सर्वांसमक्ष यिर्मयाच्या मानेवरचं लाकडी जू मोडून टाकतो. लोकांना जे ऐकायचं होतं तेच तो बोलत होता. यिर्मया मात्र लिहितो, सत्तर वर्षं. म्हणजे पत्र ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांना परतीची वाट दिसणारच नव्हती. 11 वं वचन त्या लोकांना दिलेलं आहे. आणि त्याच्या आधी, 5 ते 7 या वचनांत काय आहे? घरं बांधून त्यांत राहा. बागा लावा, त्यांची फळं खा. लग्नं करा, लेकरंबाळं होऊ द्या. ज्या नगरात तुम्हाला नेलं आहे त्या नगराचं हित पाहा, त्याच्यासाठी प्रार्थना करा.

नको असलेल्या गावी राहायला लागलेल्या माणसांना देव सांगतो आहे की मी इथेही आहे, आणि तुम्ही इथे जगायला लागा. या वचनाने जर्मनीचं आश्वासन दिलं नव्हतं आणि जर्मनी नाकारलीही नव्हती. ताई, तुम्ही चिठ्ठीत आशा वाचलीत ते बरोबरच वाचलंत. त्या आशेला गावाचं नाव तुम्ही जोडलंत. ते माणसाचं मन करतंच, त्यात पाप नाही. देवाने शब्द मोडला नाही, आणि तुम्हीही काही गुन्हा केला नाही.

वचनाच्या चिठ्ठ्यांची ही रीत मला आवडते. वर्षाच्या शेवटच्या रात्री म्हाताऱ्यापासून पोरापर्यंत सगळे ताटातून एकेक चिठ्ठी उचलतात, कंदिलाच्या नाहीतर मोबाइलच्या उजेडात वाचतात, काहींचे डोळे भरतात. मी स्वतः अशा चिठ्ठ्या कापून ताटात ठेवल्या आहेत. पण चिठ्ठी धीरासाठी आहे. नोकरी, लग्न, परदेश असे निर्णय तिच्यावर उभे करू नयेत. त्यासाठी प्रार्थना हवी, पूर्ण शास्त्रभाग हवा, चार जाणत्या माणसांचा सल्ला हवा आणि घरची परिस्थितीही बघायला हवी. तुम्ही तर हे सगळं केलं होतं. निर्णय चांगलाच होता. चांगला निर्णयही मोडू शकतो, एवढंच.

मग योजना मोडली असताना देव काय देतो? मला याचं सर्वांत स्पष्ट उत्तर गेथशेमाने बागेत दिसतं. तिथे वधस्तंभाच्या आदल्या रात्री प्रभू येशू स्वतः मागतो की हा दुःखाचा प्याला माझ्यापासून दूर कर. अगदी सरळ मागणी आहे. मत्तय सांगतो की त्याने तीनदा तीच प्रार्थना केली. प्याला दूर झाला नाही. पण लूकच्या 22 व्या अध्यायात एक वचन आहे जे आपण घाईत ओलांडून जातो: स्वर्गातून एक देवदूत येऊन त्याला शक्ती देतो. आणि त्याच्या पुढच्याच वचनात लिहिलंय की तो अधिकच कळवळून प्रार्थना करू लागला, त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा जमिनीवर पडत होता. शक्ती मिळाल्यावरही वेदना कमी झाली नाही. देवदूताने "का" याचं उत्तर आणलं नाही, प्याला उचलून नेला नाही. त्या रात्रीपुरतं उभं राहण्याचं बळ तेवढं आणलं.

मला जे सांगायचंय ते हेच आहे. आपण देवाकडे धीर मागतो तेव्हा मनात खरं तर खुलासा मागत असतो. "हे का झालं ते सांग, म्हणजे मला धीर येईल." खुलासा मिळाला नाही की वाटतं, देव गप्प आहे. दवाखान्यात मी शेकडो माणसांना "का" विचारताना ऐकलं. ज्यांना आयुष्यात कधी त्याचं उत्तर मिळालं अशी माणसं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. पण ज्यांना बळ मिळालं अशी पुष्कळ पाहिली, आणि त्यांतल्या बहुतेकांना ते मिळत असताना कळलंही नव्हतं. महिन्यांनी म्हणायची, "पाळकसाहेब, ते दिवस कसे निघाले कोण जाणे."

अरण्यात इस्राएल लोकांना मान्ना, म्हणजे देवाने पाठवलेलं अन्न, मिळायचा तोही रोजच्या रोज. उद्यासाठी साठवला तर त्यात किडे पडत. तुम्ही आत्ता पुढच्या दहा वर्षांचं बळ एकदम मागता आहात: बाबांचं काय, माझं लग्न, माझं करिअर. ते एकदम मिळत नाही, म्हणून मिळतच नाही असं वाटतं. आजच्या संध्याकाळपर्यंतचं मागून बघा.

एलीया संदेष्ट्याची गोष्ट तुम्हाला माहीत असेल, पण ती दमलेल्या माणसाच्या डोळ्यांनी पुन्हा वाचा, 1 राजे, 19 वा अध्याय. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळाला, आता सगळं बदलेल असं त्याला वाटलं असणार. बदललं काहीच नाही. राणी ईजबेल त्याचा जीव घ्यायला निघाली. तो बैर-शेब्यापर्यंत पळाला, चाकराला तिथे सोडलं, एक दिवसाची वाट चालून रानात एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, आता पुरे, माझा जीव घे. देवाने त्याला काय दिलं? झोप. मग निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याची सुरई. मग पुन्हा झोप, पुन्हा भाकर. त्याला एकही उपदेश केला नाही. होरेब डोंगरावर देव त्याला "तू इथे काय करतोस?" असं दोनदा विचारतो, आणि एलीया दोन्ही वेळा तेच रडगाणं शब्दाशब्दाने सांगतो. देव त्याला "पुन्हा तेच काय?" असं म्हणत नाही. ऐकून घेतो, मग काम देतो, अलीशासारखा सोबती देतो, आणि तू एकटा नाहीस, अजून सात हजार आहेत, हे सांगतो. हा क्रम लक्षात घ्या. शरीर आधी, मग ऐकून घेणं, मग काम आणि सोबत. आपल्या मंडळ्यांमध्ये आपण नेमका उलटा क्रम लावतो. आधी उपदेश, मग काम, आणि माणूस कोसळला की मग विचारतो, जेवलात का?

म्हणून तुमच्यासाठी पहिलं आध्यात्मिक पथ्य म्हणजे आठवड्यातून निदान दोन रात्री सलग झोप. बाबांना दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागत असेल, तर त्या दोन रात्री दुसऱ्या कोणाला तरी ते करावं लागेल. भाऊ परगावी असला तरी पैसे पाठवू शकतो, रात्रीची बाई लावता येते. "मी मुलगी आहे, नर्स आहे, मीच करायला हवं" हे देवाने सांगितलेलं नाही, ते आपल्या घरांनी ठरवलेलं आहे. भावाशी हे बोलणं अवघड असेल तर तुमच्या पाळकांना मध्ये घ्या. अशी बोलणी करून देणं हे पाळकाचं कामच आहे.

आता प्रार्थनेचं. शब्द फुटत नाही म्हणता, मला वाटतं शब्द आहेत, पण ते देवासमोर बोलण्यासारखे नाहीत असं तुम्हाला वाटतंय. राग आहे ना? तोच बोला. स्तोत्रसंहितेत 150 स्तोत्रं आहेत, त्यांतली जवळजवळ एक तृतीयांश रडणाऱ्यांची, तक्रार करणाऱ्यांची आहेत. 13 व्या स्तोत्राच्या पहिल्या दोनच वचनांत दावीद चारदा विचारतो, किती काळ? 88 वं स्तोत्र तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळही नाही, आणि तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, कोणी काढून टाकलं नाही. 42 व्या स्तोत्रात माणूस स्वतःच्याच जिवाला विचारतो, तू का खिन्न झालास? देवासमोर असं बोलणाऱ्यांना तिथे कोणी अविश्वासी म्हटलेलं नाही. माझ्या अनुभवात देवावर रागावणारा माणूस देवापासून लांब गेलेला नसतो. लांब गेलेले लोक रागावत नाहीत, ते नुसते यायचे थांबतात.

मी लोकांना करायला सांगतो ते साधं आहे. रोज एकच स्तोत्र, मोठ्याने वाचायचं. मनात नाही, ओठांनी. आपले शब्द आटले की दुसऱ्याचे उसने घ्यावेत, त्यासाठीच ती लिहून ठेवली आहेत. वाचून झालं की वहीत देवाला चार ओळींचं पत्र लिहायचं. सुरुवात "प्रिय प्रभू" अशी नको असेल तर नका करू. आज कशाचा राग आला, कशाची भीती वाटली, आज संध्याकाळपर्यंत काय हवंय. "आज बाबांना घास गिळता येऊ दे", "आज त्याची आठवण आली तर मला कोसळू देऊ नकोस" अशा छोट्या मागण्या. महिन्याने ती वही चाळा. मागण्या सगळ्या पुऱ्या झालेल्या नसतील, पण कोणत्या दिवशी कुठून हात आला याच्या खुणा त्यात सापडतात. माझ्याकडे आलेल्या बऱ्याच जणांना धीर त्या वहीत मागे वळून पाहताना मिळाला, लिहिताना नाही.

आणि रविवारी उपासनेला जा, जमेल तसं. गाणं म्हणवत नसेल तर बसून ऐका, तुमच्या वाटचं बाकीचे म्हणतील. प्रभुभोजन मात्र चुकवू नका. "मन लागत नाही, मग कशाला घ्यायचं" असं पुष्कळ जण म्हणतात. ती भाकर मन लागलेल्यांसाठी ठेवलेली नाही. पहिल्या रात्री त्या मेजाभोवती जे बसले होते ते सगळे थोड्याच वेळात पळून जाणार होते, आणि ते माहीत असूनही प्रभूने ती त्यांना दिली.

लोकांचं काय करायचं? "देवाची योजना असेल" हे वाक्य खोटं नाही, पण ते कोणी, कोणाला, कधी म्हणावं याला महत्त्व आहे. सगळं गमावलेल्या ईयोबाचे मित्र सात दिवस सात रात्री त्याच्याशेजारी जमिनीवर गप्प बसले, तोपर्यंत त्यांचं सगळं बरोबर होतं. तोंड उघडलं आणि बिघडलं. शेवटी देव ईयोबावर नाही, त्या मित्रांवर रागावतो, आणि त्यांचं बोलणं बरंचसं धार्मिकच होतं. तेव्हा तुमचा राग अगदीच अस्थानी नाही. पण आपली मंडळी वाईटही नाही. त्यांना काय करावं ते कळत नाही म्हणून ते वाक्य तोंडात येतं. मोठ्या दुःखापुढे मंडळी गांगरते, छोटं काम सांगितलं की धावून येते. पुढच्या वेळी कोणी तसं म्हणालं की सरळ सांगा, "मावशी, प्रार्थना करा, आणि गुरुवारी दुपारी दोन तास बाबांजवळ बसाल का? मला बँकेत जायचंय." दहापैकी सहा येतील. त्यांतली एखादी दर गुरुवारची होऊन जाईल.

नामी मवाबातून परत आली तेव्हा बेथलेहेमच्या बायकांना म्हणाली, मी भरलेली गेले होते, परमेश्वराने मला रिकामी परत आणलं. ती हे बोलत असताना तिची सून रूथ तिच्या शेजारी उभी होती. नामीचं दुःख खोटं नव्हतं, नवरा आणि दोन तरणे मुलगे परदेशात पुरून आली होती. शास्त्र तिला त्या बोलण्यासाठी दटावतही नाही. पण तुमच्याही शेजारी आत्ता कोणी उभं आहे का, एवढं आठवड्यातून एकदा बघत जा.

लग्न मोडलं त्याबद्दल वेगळं सांगतो. ते देवाच्या योजनेत कोंबू नका. एका माणसाने अडचणीच्या वेळी साथ सोडली. तो त्याचा निर्णय आहे, त्याचं उत्तर त्याने द्यायचं आहे. माणसांच्या वागण्याचं खापर देवावर फोडलं की आपल्याला देवाचीच भीती वाटू लागते. "बरं झालं, आधीच कळलं" असं लोक म्हणतील. कदाचित खरंही असेल. तरी तुम्हाला रडू येणार, आणि ते येऊ द्यावं.

बाबा रोज विचारतात, "माझ्यामुळे तुझं राहिलं ना?" आणि तुम्हाला काय बोलावं ते सुचत नाही, असं तुम्ही लिहिलंय. "नाही हो बाबा, तसं काही नाही" असं म्हणू नका, त्यांना ते खोटं असल्याचं कळतं आणि ते आणखी मिटून जातात. मी दवाखान्यात घरच्यांना सुचवायचो ते असं: "हो बाबा, जायचं होतं, राहिलं, आणि मला त्याचं वाईट वाटतं. पण तुमच्यावर राग नाही. तुम्ही आजारी पडलात, हा तुमचा गुन्हा नाही." बोलून झालं की दोघांनी मिळून प्रभूची प्रार्थना म्हणा. झटक्यानंतर ज्यांना वाक्य जुळवता येत नाही अशा काही जणांना पाठ असलेली प्रार्थना किंवा गाणं सलग म्हणता येतं, हे तुम्ही वॉर्डात पाहिलं असेल. सगळ्यांना जमतं असं नाही. तुमच्या बाबांना जमलं तर त्यांनाही काहीतरी देता आल्यासारखं वाटेल. सतत फक्त घेत राहणं रुग्णाला फार जड जातं.

आपल्याच मातीतल्या एका बाईबद्दल सांगावंसं वाटतं. पंडिता रमाबाई. नाव सगळ्यांना माहीत असतं, मोडलेल्या योजना माहीत नसतात. कोवळ्या वयात दुष्काळात आईवडील आणि थोरली बहीण गेली. 1880 साली भाऊ गेला. त्याच वर्षी लग्न झालं आणि 1882 मध्ये नवरा कॉलऱ्याने गेला, तेव्हा मुलगी मनोरमा एक वर्षाचीही नव्हती. 1883 मध्ये त्या इंग्लंडला गेल्या त्या डॉक्टर व्हायला. इकडच्या बायका पुरुष डॉक्टरकडे जात नाहीत, म्हणून आपण वैद्यक शिकायचं असं त्यांनी ठरवलं होतं. पण कानांनी दगा दिला. ऐकू कमी येत गेलं आणि ते शिक्षण सोडावं लागलं. समुद्र ओलांडून गेल्यावर दार बंद झालं. मग त्या अध्यापनाकडे वळल्या. 1889 मध्ये मुंबईत विधवांसाठी शारदा सदन उघडलं, पुढे ते पुण्याला हलवलं, आणि 1893 मध्ये मुलींच्या धर्मांतराच्या वादळात बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. त्यानंतर दौंडजवळ केडगावला मुक्ती मिशन उभं राहिलं. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात जाऊन उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या.

इथे मला सावध राहायचंय. "बघा, डॉक्टरकी गेली म्हणूनच मुक्ती उभं राहिलं, देवाची योजनाच तशी होती" असं मी म्हणणार नाही. आईवडिलांचं उपाशी मरण ही कशाची किंमत होती असं म्हणायची माझी हिंमत नाही. आणि रमाबाईंची गोष्ट तशी गोडही संपत नाही. मनोरमेला त्यांनी आपल्यामागे काम सांभाळायला तयार केलं होतं. 1921 मध्ये ती आईच्या आधी गेली. म्हणजे आयुष्यातली शेवटची योजनाही मोडली. रमाबाई तेव्हा हिब्रू आणि ग्रीकमधून सोप्या मराठीत पवित्र शास्त्राचं भाषांतर करत होत्या. लेक गेल्यावरही ते काम त्यांनी सोडलं नाही, पुरं केलं, आणि 5 एप्रिल 1922 ला त्या गेल्या. मला त्यांच्या आयुष्यात खुलासा कुठे दिसत नाही, बळ मात्र दिसतं. आणि एक दिसतं की दुष्काळात त्या मुलींच्या शोधात निघाल्या तेव्हा भूक म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगायची गरज नव्हती. त्यांचं दुःख त्या कामात वापरलं गेलं. दुःख वापरलं जाणं वेगळं, आणि ते मुद्दाम दिलेलं असणं वेगळं. पहिलं मी विश्वासाने म्हणतो. दुसरं मी कोणाच्या खाटेपाशी कधी म्हटलं नाही.

आता पुढचं. जर्मनीचा विषय कायमचा मिटला की पुढे ढकलला गेला, हे आज मला ठाऊक नाही आणि तुम्हालाही नाही. ते बाबांच्या तब्येतीवर, भावावर, पैशांवर, तुमच्या मनावर अवलंबून आहे. बाबा सहा महिन्यांत काठीने चालू लागले तर चित्र वेगळं असेल, अंथरुणाला खिळले तर वेगळं. एवढंच सांगतो की या दमलेल्या अवस्थेत कागदपत्रं फाडू नका आणि कोणाला कायमचा नकारही कळवू नका. जर्मन विसरू नये म्हणून रोज थोडं वाचत राहिलात तर तो अविश्वास नाही आणि हट्टही नाही.

प्रेषित पौलाचं बघा. प्रेषितांची कृत्ये, 16 वा अध्याय. त्याला आसिया प्रांतात जायचं होतं, अडवलं गेलं. बिथुनियात जायचं होतं, तिथेही अडवलं गेलं. कसं अडवलं, आजाराने की रस्त्याने की आणखी कशाने, हे लिहिलेलं नाही. दोन्ही बाजू बंद झाल्यावर तो समुद्रकाठच्या त्रोवसला येऊन थांबला, आणि मासेदोनियाची हाक तिथे आली. त्रोवस हे त्याने निवडलेलं ठिकाण नव्हतं, चुकीचं ठिकाणही नव्हतं. पुढे त्याने रोमकरांना लिहिलं की मी तुमच्याकडून स्पेनला जाणार आहे. रोमला तो पोहोचला तो कैदी म्हणून, आणि कृत्यांचं पुस्तक त्याला तिथेच, भाड्याच्या घरात, शिपायाच्या पहाऱ्यात ठेवून संपतं. स्पेनचं काय झालं ते शास्त्र सांगत नाही. देहातला काटा काढ म्हणून त्यानेही तीनदा विनंती केली होती; काटा राहिला, "माझी कृपा तुला पुरे आहे" एवढं उत्तर मिळालं. फिलिप्पैकरांचं आनंदाने भरलेलं पत्र त्याने बेड्यांत असताना लिहिलं. ते पत्र मात्र अजून काही आठवडे वाचू नका असं मी सांगेन. "सर्वदा आनंद करा" हे वाचून आत्ता तुम्हाला आणखी अपराधी वाटेल. त्याची वेळ येईल.

सुरुवात 13 व्या स्तोत्रापासून करा, सहाच वचनं आहेत, बाबांना सकाळचा चहा देण्याआधी वाचून होतील. पहिली चार तुमच्या मनासारखी आहेत. पाचव्यापाशी आवाज अडला तर तिथेच थांबा, पुस्तक मिटा आणि चहा करायला उठा. दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून वाचा. आठवडाभर तेच एक चाललं तरी हरकत नाही. मग 42 वं घ्या. गुरुवारसाठी कोणाला विचारलंत आणि त्या काय म्हणाल्या, ते मला कळवा.